सेतूरावांच्या भिंतीवरचा कागद

सेतूराव गेल्याचं मला तमिळमधून कळलं. सकाळी नळाचं पाणी भरत होते. वॉचमन जिन्यातूनच म्हणाला, "पाटीम्मा, दुसऱ्या मजल्यावरचे ऐया पोयिट्टार." पाटी म्हणजे आजी. आजी, ऐया गेले. मी कळशी भरू दिली, नळ बंद केला आणि मग वर गेले. अशा वेळी हातातलं भांडं पडतं म्हणतात. माझं पडलं नाही. वर्षभर तो माणूस एका खोलीत पडून होता. सुटला, एवढंच मनात आलं. आता महिना होऊन गेला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, लेख मी कधी लिहिला नाही. पण त्यांच्याबद्दल मराठीत लिहील असं या इमारतीत दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिते.

मी मिरजेकडची. नवऱ्याच्या नोकरीमागं इथं तमिळ मुलखात आले आणि इथंच अडकले. तीस वर्षांत तमिळ बोलायला आली, वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. बसचा नंबर बघून चढायचं आणि थांबे मोजून उतरायचं. मुलाच्या अड्यारच्या घरी राहायला आल्यावर एकदा भलत्याच बसमध्ये चढत होते, तेव्हा मागून आवाज आला, "अक्का, कोठें जायचें? ही आपल्याकडे जात नाही." माझं नऊवारी बघून त्यांनी ओळखलं होतं. मी आभार मानायचे सोडून विचारलं, "तुमची मराठी अशी कशी हो?" ते म्हणाले, "तंजावरची. तीनशें वर्षें इथें आहे ती. तुमची कधीं आली?" बँकेतून निवृत्त झालेला, आमच्याच वरच्या मजल्यावरचा हा गृहस्थ. पुढं त्यांनी मला कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तमिळ अक्षरं शिकवली. या वयात कशाला, म्हटलं, तर म्हणाले, "ज्या गांवीं राहायचें त्याचीं अक्षरें यावींत. आणि ज्या घरीं राहायचें त्याचींहि." मी चुकले की ते वहीवर टिचकी मारायचे. मला राग यायचा, पण बसवरची पाटी वाचता यायला लागली.

त्या सुमारास सरकारनं शाळेत पहिलीपासून तमिळ सक्तीची केली. सेतूरावांचं त्याला काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की तिच्या जोडीला आपलीही शिकवा. जवळच्या शाळेत ते सहा महिने खेटे घालत होते. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, ज्यांच्या प्रवेश-अर्जावर मातृभाषा मराठी लिहिलेली आहे अशी पंधरा मुलं आणा, आठवड्याला दोन तास देते. झालं, राव भर उन्हात दारोदार हिंडायला लागले. तंजावरची जुनी घरं त्या रकान्यात पिढ्यान्‌पिढ्या 'तमिळ' लिहीत आलेली. बापानं लिहिलं, आजोबानं लिहिलं, कचेरीत कोणी प्रश्न विचारू नयेत म्हणून. घरात मराठी, कागदावर तमिळ. आणि सिरुसेरीच्या संगणक कंपन्यांत नोकरीला आलेली आपल्याकडची पोरं म्हणायची, काका, आम्ही दोन वर्षांत पुण्याला जाणार. ती दोन वर्षं काही संपत नव्हती. मी रावांना म्हटलं, "तीनशे वर्षांत तमिळच होऊन जायचं ना, सुटला असता." ते म्हणाले, "झालोंच कीं, अक्का. घराबाहेर झालों. आतां घरांतहि व्हायचें?" मी ते मान्य केलं नाही.

माझी नात त्याच वर्षी पहिलीत जायची होती. रावांनी तिला यादीत धरलंच होतं. रात्रीची जेवणं झाली, मुलगा टेबलावर अर्ज भरायला बसला आणि त्या रकान्याशी थांबला. म्हणाला, "आई, तमिळ लिहितो. उगाच पोरीवर बाहेरची म्हणून शिक्का नको." त्याच्या पेनातली शाई संपली होती. मी उठले, फ्रीजवरचं दुसरं पेन शोधलं आणि त्याच्या हातात दिलं. नको म्हणाले असते तर त्यानं ऐकलं असतं. म्हणाले नाही... रावांना सांगितलं, बघतो म्हणालाय.

मुख्याध्यापिकेनं अर्ज काढून मोजले तेव्हा दोन कमी पडले. एक आमचा. दुसरा त्यांच्या स्वतःच्या नातीचा, नंदिनीचा. सगळ्या अड्यारचे अर्ज वाचत फिरलेल्या माणसानं आपल्या घरातला वाचला नव्हता. त्यांची सून विद्या तमिळ, सासऱ्यांना त्यांच्या रीतीनं मामा म्हणायची. ती साधेपणानं म्हणाली, "मामा, मी आई, माझी भाषा लिहिली. तुम्ही कुठं सांगितलं होतं?" खरंच सांगितलं नव्हतं. सांगायला लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. वर्ग काही झाला नाही.

पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय गेले ते गेलेच, पण तमिळ गेली, बँकेतली इंग्रजी गेली, राहिली ती फक्त घरची मराठी. त्यांचा मुलगा दिवसभर कामावर, आणि त्यालाही अर्धीमुर्धीच यायची. विद्या धावत खाली आली, "अम्मा, वांगो, वर चला, ते काय मागतायत मला कळत नाही." तेव्हापासून मी रोज जाऊन बसायचे. ते बोलायचे, मी तमिळमध्ये सांगायचे. पंखा कमी करा. पाठ दुखते. आंबट भाजी करा. विद्या गुणाची. तिनं एक मोठा कागद घेतला, त्यांचा एकेक शब्द तमिळ अक्षरांत लिहिला, समोर अर्थ, आणि कागद पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवला. मी गेल्यावर अडू नये म्हणून.

एका दुपारी मी त्यांना पेनाचं सांगून टाकलं. मनात ठेवायची मला सवय नाही, तेवढंच एक राहिलं होतं. ते छताकडं बघत होते. मग सावकाश म्हणाले, "ठाऊक... मज ठाऊक." दोनदा म्हणाले. विद्या दारात उभी होती. "एन्ना सोन्नार?" काय म्हणाले? माझ्या तोंडून निघून गेलं, "तण्णी." पाणी मागतायत. तिनं पाणी आणलं. त्यांनी माझ्याकडं बघत ते सगळं प्यायलं. दुसऱ्या दिवशी गेले तर कागदावर एक ओळ वाढलेली. तमिळमध्ये ठ नाही, तिनं 'टाऊक' लिहिलं होतं. समोर तण्णी. मी वाचलं. वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यानंतर चार महिने ती दिवसातून दहादा भांडं त्यांच्या तोंडाशी धरून विचारायची, "टाऊक, मामा? टाऊक?" आणि ते मान हलवायचे. मी समोर बसलेली असायचे. खोडायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

परवा त्यांच्याकडं गेले होते. पलंग काढलाय, खोली धुतलीय, कागद मात्र तसाच आहे. विद्या म्हणाली, "राहू दे, अम्मा. नंदिनी वाचते रोज." शाळेत नाही झाला तो वर्ग या भिंतीवर झाला होता, आणि त्यातला एक धडा मी चुकीचा दिला होता. कागद खोडावा म्हणून मी विद्याकडं पेन मागणार, इतक्यात नंदिनी आतून दोन्ही हातांनी भांडं धरून आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि मोठ्या ऐटीत म्हणाली, "पाटी, टाऊक?"

मी भांडं घेतलं आणि पाणी प्याले.