खापराचं ताक

ते प्रकरण आठवलं, की आधी कानात 'चर्र' असा आवाज येतो. मग पोलादपूरचं धुकं दिसायला लागतं आणि मी पुन्हा खानावळीतल्या त्या बाकड्यावर जाऊन बसतो.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कुडपणकडची एक बाई महामार्गावर खानावळ चालवायची. एका सकाळी ती इंटरनेटवरून छापलेला कागद घेऊन आली. काळपट फोटोत ताकाची वाटी, वाटीत दगडासारखं काहीतरी. खाली लिहिलेलं, 'इथे जेवणात दगड वाढतात. गाडी थांबवू नका.' मुंबईच्या मंडळींनी हे एकमेकांना पाठवलं आणि बाईचं गिऱ्हाईक तुटलं.

"साहेब, माझ्या ताकात दगड नाय. समोरच्या चाचानं केलंय हे. त्याचा पोरगा दुबईला कॉम्प्युटरवर असतो. चूल बंद पडली तर पोरींना घेऊन जाऊ कुठं?"

अदखलपात्र नोंद केली आणि चाचांना त्यांच्या भरल्या हॉटेलातून, गिऱ्हाइकांसमोर उठवून आणलं. तीन तास चौकशी केली.

"तिचंच ताक माझ्या हॉटेलात विकतो, साहेब. तिचं वाईट करून मला काय मिळणार?"

मी ऐकतोय कसला! आवाज चढवला. चाचांना शेवटी सोडलं आणि जागा पाहायला खानावळीत गेलो.

दार उघडं होतं, धुकं आत येऊन टेबलांवर बसलं होतं. बाईने चुलीतून लालभडक खापराचा तुकडा चिमट्याने उचलला आणि ताकाला धुराचा वास लागावा म्हणून माझ्या वाटीत सोडला. चर्र! वाफेत तिचा चेहरा दिसेना. क्षणभर मी कुठे आहे तेच विसरलो.

"खापर काढायचं नाही का?"

"पाव्हण्याच्या वाटीत ऱ्हाऊ द्यायचं, साहेब. आमच्याकडं मान हाय तो."

मी कागद वाटीशेजारी ठेवला. तिने एकदा फोटोकडे, एकदा वाटीकडे पाहिलं.

"अगो बाई! हे तर माझंच खापर. एक पाव्हणा भिजून आला होता बिचारा, म्हणून मान दिला त्याला."

फोटो टाकणाऱ्याचं नाव कागदावरच होतं. दोन दिवसांत तो फोनवर सापडला. भला माणूस, खजील झाला. त्याने खरी हकिगत लिहिली, आणि लोक गाड्या थांबवून 'ते खापरवालं ताक' मागू लागले. बाईने तक्रार मागे घेतली.

पण चाचा निर्दोष आहेत, हे कुठल्याच साइटवर आलं नाही. कोण लिहिणार? त्या पाहुण्याने न विचारता लिहिलं, मी न विचारता माणूस उचलला. त्याने निदान खोडलं तरी. मला फार लाज वाटली.

मग ऐन जेवणाच्या वेळी, वर्दीतच चाचांच्या हॉटेलात गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चाचा, चूक माझी होती. माफ करा."

 चाचा आत गेले, आणि समोरच्या बाईकडून आलेल्या ताकाची वाटी माझ्यापुढे ठेवली. वाटीत खापर होतं.