चाळणीच्या कड्यावरचं तोरण

ये वं, इकडे जवळ सरक, आणि तोंड वाकडं करू नको. परवा तुझ्या दारात ते प्लास्टिकचं तोरण पाहिलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. वर मलाच सांगते, "मामी, रोज कोण पानं बदलवत बसते?" अगं, तुझ्या आईचं लग्न जमलं त्यात दारावरच्या जिवंत तोरणाचा हात आहे, आणि तू प्लास्टिक लावून राहिली!

तुझी आई म्हणजे माझी ननंद. तिला पाहायला दोन ठिकाणचे लोक येऊन गेले होते, दोन्हीकडून नकार. तुझ्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कारण शोधून काढलं. "दारात वाळलेलं तोरण पाहून कोण हो म्हणन?" आता नागपूरचं ऊन! सकाळी बांधलेली आंब्याची पानं दुपारी पापडासारखी. त्यात माझा काय गुन्हा? पण त्यांनी माझ्याकडेच पाहून म्हटलं, "तिसरे लोक येतीन तेव्हा तोरण हिरवं पाहिजे."

मग मी ठरवलं, वाळणारच नाही असं लावते. घरात जाळी फाटलेली चाळणी होती, तिचं नुसतं कडं काढलं. खिडकीला लावायच्या वाळ्याच्या ताटीतून जुना वाळा उपसला, त्यात काळी माती आणि शेणखत घालून कड्याभोवती जाड वळकटी केली, वरून सुतळी घट्ट आवळली. त्यात चिनी गुलाबाच्या काड्या खोचल्या, कारण त्याला ऊन लागतंच. काड्या मूळ धरेपर्यंत कडं अंगणात आडवं ठेवायचं होतं. पण सासूबाईंना धीर कुठला! तिसऱ्या दिवशी म्हणे, आज दिवस चांगला, टांग. टांगलं. संध्याकाळी अर्ध्या काड्या उंबऱ्यावर.

"दारावर चाळणी टांगून राहिली का?" शेजारीण हसली. मी पुन्हा केलं. या वेळी पंधरा दिवस कोणाला हात लावू दिला नाही. फुलं आली, गुलाबी आणि पिवळी. सासूबाईंनी कुंकू लावून ते दारावर बांधलं आणि नवीनच कटकट सुरू झाली. मी पाण्यासाठी ते उतरवायला गेले तर माझा हात धरला.

"बांधलेलं तोरण पुढचा सण येईपर्यंत उतरवत नाहीत. तुले माहीत नाही का?"

"आई, हे जिवंत आहे. पाणी कसं घालू?"

"वर चढून घाल."

म्हणून मी रोज सकाळी स्टूल लावून, लोटा घेऊन, पदर खोचून वर चढायची. सांगते ना, वैताग आला होता नुसता.

पाहुणे आले ते हुडकेश्वरचे, शेतकरी. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती. मुलाचे वडील दारातून आत आले, आणि त्यांच्या पांढऱ्या टोपीवर टप्पकन मातीचं पाणी पडलं. मागोमाग दुसरा थेंब. मनात म्हटलं, गेलं, हेही स्थळ गेलं!

त्यांनी टोपी काढली. हुंगली. "वाळा आहे," म्हणाले. मग मान वर करून पाहात राहिले. "पाणी जास्त होऊन राहिलं याले. मुळं सडतीन. कोण घालते?"

"मी," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी आतून सासूबाई म्हणाल्या, "मी!"

तेवढ्यात तुझी आई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तिला बजावून ठेवलं होतं, मान खाली, विचारलं तेवढंच बोलायचं. तिनं ट्रे धाडकन ठेवला.

"दोघी घालतात जी! वहिनी सकाळी, आई दुपारी, वहिनी झोपली की. एकमेकीले सांगत नाहीत. मी काहून मधात पडू?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मुलाचे वडील मात्र असे हसले की हातातली टोपी खाली पडली. "पोरीले दिसते सगळं," ते म्हणाले. "आमच्याकडे वावरातही कोणीतरी पाहणारं पाहिजे." मग सासूबाईंकडे वळून, "ते उतरवा जी. दोन दिवस सावलीत कोरडं होऊ द्या."

आणि माझं पंधरा वेळा न ऐकणाऱ्या त्या बाईनं, काय सांगू, स्वतः स्टुलावर चढून तोरण उतरवलं! कुंकवासकट. जाताना पाहुण्यांनी होकार दिला, आणि तुझ्या आजोबांनी, म्हणजे त्या टोपीवाल्यांनीच, त्यातल्या चार काड्याही मागून नेल्या.

तेव्हा ते प्लास्टिक काढ. तुझ्या घरी एखादी फाटकी चाळणी असेल तर फेकू नको, ती घेऊन ये. काड्या मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, पण त्या किती दिवस तुझी वाट पाहतील? लवकर ये वं. आणि आईलाही आण, कोणी किती पाणी घालायचं ते तीच सांगेल.