मुठीच्या तांदळाचा भात

माझ्या शिक्षणाचा भार एका मंडळानं उचलला, असं मध्यंतरी एका सत्कारात कुणीतरी भाषण ठोकलं आणि मी व्यासपीठावर बसल्या बसल्या खो खो हसले. लोकांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. भ्रम कसला, मला सगळं लख्ख आठवतंय!

ते मंडळ हुबळीत मुलींच्या शिक्षणाचा प्रचार करायचं. अध्यक्ष धारवाडच्या माळमड्डीतले पेन्शनर साहेब, चिटणीस आमच्याच गल्लीतले वकील. दोघं बोलायला लागले की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांनी मुठीचा तांदूळ सुरू केला. रोज भात टाकताना प्रत्येक घरानं एक मूठ तांदूळ वेगळ्या गाडग्यात टाकायचा. शनिवारी मंडळाचा माणूस पोतं घेऊन यायचा आणि घरोघरची गाडगी त्यात उपडी करायचा. तो तांदूळ विकून मुलींना शाळेत नेण्यासाठी पडद्याची बैलगाडी ठेवायची, असं ठरलं होतं.

माझं सगळं त्या गाडीवर अडलं होतं. शाळा लॅमिंग्टन रोडला, आमचं घर बाजारात, आणि अप्पांचा हट्ट की मोठ्या झालेल्या मुलीनं भर पेठेतून चालत जायचं नाही. गाडी आली तर शाळा. नाहीतर सांगलीकडचं एक स्थळ सांगून आलेलंच होतं. शाळेच्या बाईंनी दिवाळीपर्यंत माझं नाव राखून ठेवलं होतं. मी रोज आईच्या मुठीवर नजर ठेवून असायची. "गच्च भर गं, चिमूटभर काय टाकतेस!" म्हणून ओरडायची.

गाडी काही येईना. विचारलं की चिटणीस म्हणायचे, "तांदळाला भावच नाही हो वहिनी, जरा दम धरा." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दसरा झाला आणि चिटणिसांच्या नातवाचं बारसं निघालं. सगळ्या गल्लीला जेवण. पुरुषांची पंगत आधी उठली. अध्यक्ष, अप्पा, सगळे ढेकर देत बाहेर पानसुपारीला बसले. त्यांना काहीही कळलं नाही. पुरुषांना वरून आमटी ओतली की पानात काय आहे, याची फिकीर नसते. मग आम्ही बसलो. पहिल्याच घासाला आईचा हात थांबला. मलाही कळलं. अर्धा भात लगदा, अर्धा कच्चा. मध्येच अळणावरकडच्या खेड्यांतून येतो तो लाल जाडा, मध्येच आंबेमोहराचा वास, मध्येच उकडा. एवढ्या जातींचा तांदूळ एका घरात कोण शिजवतं हो?

शेजारच्या कानडी अक्कानं एक लाल शीत बोटानं बाजूला काढलं, निरखलं आणि ओरडली, "अय्यो, इदु नम्म अक्की री! आमचाच तांदूळ की हा, आमच्या गाडग्यातला!"

वाढता वाढता चिटणिसांच्या बायकोचा हात तिथंच राहिला. मला वाटलं, आता सगळ्या ताडकन उठणार. छे! आई एकदम मधाळ आवाजात म्हणाली, "वाढा की वकिलीणबाई, थांबलात का? आमचंच आहे, आम्हाला लाज कसली." मग ओळीनं सगळ्यांनी हसत हसत भात मागितला. नको नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनीसुद्धा मागितला. पातेलं खरवडून झालं, तेव्हा त्याच पोत्यातला दुसरा भात टाकावा लागला.

हसणं ऐकून अध्यक्ष दारात आले. "भगिनींनो, गैरसमज नको. या निमित्तानं आपण एवढ्या जणी जमलात, हाही प्रचारच. हा आपला प्रचारखर्च समजा."

तेवढ्यात पंगतीतून त्यांचीच बायको भाबडेपणानं म्हणाली, "अगंबाई, आमच्याकडेही कधीपासून भात असाच होतोय! मी उगीच स्वयंपाकीणबाईंना बोल लावत होते."

साहेब जे वळले ते तडक स्टेशनकडे. बायकोला न्यायचंही विसरले.

घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो. मग अप्पा म्हणाले, "चोरांचं मंडळ निघालं. गाडी गेली, तशी शाळाही गेली," आणि माझं हसू आटलं. दिवाळीभर मी रडले. चकलीसुद्धा गोड लागली नाही. आई मात्र अक्कांकडे दोनदा जाऊन आली.

शाळा उघडली त्या सकाळी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "चल."

कोप्पीकर रोडवर अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. तिथूनच जावं लागणार. अप्पांनी आम्हाला पाहिलं आणि गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर आले.

"कुठं निघालात?"

"शाळेत," आई म्हणाली.

"आज जाल. उद्या?"

"उद्या अक्का नेतील. त्यांचीही पोर आहे. परवा परत मी."

अप्पा वळून दुकानात गेले. मला वाटलं, छडी आणायला गेले. बाहेर आले ते दुकानातली काळी छत्री घेऊन. "ऊन आहे," म्हणाले आणि ती आईच्या हातात दिली.

त्यानंतर शाळा फार लवकर आली. अगदीच जवळ होती मेली! एवढ्याशा रस्त्यासाठी बैलगाडी लागणार होती, आणि तिच्यासाठी गावानं मुठी भरल्या होत्या. हे सांगायला मी आईकडे वळले, तर ती फाटकाला धरून उभी होती. तीसुद्धा भर पेठेतून जन्मात पहिल्यांदाच चालली होती.