यादीतून खोडलेलं नाव

रायरमामांचं नाव यादीतून मी खोडलं. त्यांना मात्र सांगितलं, वेळ संपली.

तंजावरकडच्या मराठी माणसाला इथले तमिळ लोक रायर म्हणतात. त्याला मामा आम्ही जोडलं. आवडी नावाच्या इथल्या उपनगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मराठीत कुणी काही म्हणू लागलं की ते उभं राहून ऐकत. माझ्या मुलीनं शाळेतली कविता सुरू केली तरी कॉफीचा पेला खाली ठेवून उठत. गुडघे दुखत असायचे. मी बसा म्हटलं की म्हणत, "आमच्या घरीं मराठी आतां देवापुढेंच उरली. देवापुढें मज बसवत नाही."

मी त्यांच्या बोलण्याची चेष्टा करायचो. ते हसून म्हणत, "तुमची मराठी रेल्वेंतून आली, आमची घोड्यावरून."

मी कारखान्यात नवा असताना मला कामापुरतं तमिळ त्यांनीच शिकवलं. आभार मानले की एकच शब्द, 'परवाइल्ले'. म्हणजे असू दे, काही बिघडलं नाही.

शहराबाहेर, समुद्राकडच्या रस्त्यावर, एका हौशी मालकाच्या आमराईत कला-साहित्याचा मेळा भरतो. गोठ्यात चित्रं, विहिरीपाशी कुंभाराचं चाक, एका झाडाखाली बाहुल्यांचा खेळ. यंदा दुसऱ्या एका झाडाखाली एक तास आमच्या मराठी मंडळाला मिळाला, आणि कोण काय म्हणणार त्याची यादी माझ्या हाती आली. मामांनी आईनं शिकवलेलं एक पद म्हणायचं ठरवलं. "मराठी मुलुखाच्या माणसांनीं एकदां ऐकावें. मग झालें." पंधरा दिवस ते गच्चीवर पद घोकत होते.

त्या दिवशी ते कडक इस्त्रीची वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, नेसून आले, सगळ्यांसाठी दहीभाताचा मोठा डबा घेऊन. झाडामागे पद पुटपुटत होते. पुण्याहून आलेल्या दोन कवींनी ते ऐकलं आणि एकमेकांकडे पाहून हसले. "ही कुठली मराठी? तुमच्या मंडळातले का हे?"

"नाही हो," मी म्हणालो, "जेवणाचा डबा घेऊन आलेत." आणि पेन काढून नावावर रेघ मारली.

मामा तासभर सगळ्यांच्या कविता उभ्यानं ऐकत राहिले. शेवटी जवळ आले. "मज केव्हां?"

"वेळ संपली, मामा."

त्यांनी माझ्या हातातल्या यादीकडे पाहिलं. "परवाइल्ले," म्हणाले. मग डबा उघडून त्यांनी पहिला भात त्या दोन पाहुण्यांना वाढला. माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी त्यांना टाळू लागलो. जिन्यात पावलं वाजली की दाराआड थांबायचो. मग कळलं, ते मुलाकडे कोइमतूरला कायमचे निघालेत. आदल्या दिवशी वर गेलो. सामान बांधलेलं होतं, एक खुर्ची तेवढी उरली होती आणि मामा तिच्यात बसले होते.

"मामा, काही सांगायचंय," मी म्हणालो. तर ते खुर्चीचे हात धरून उठू लागले. मी नको नको म्हणेपर्यंत उभे राहिले, नेहमीसारखे, हात जोडून.

"वेळ संपली नव्हती, मामा. नाव मी खोडलं. पाहुण्यांपुढे मला तुमच्या मराठीची लाज वाटली, आणि तुम्ही आमचे नाही असं मी सांगितलं. मला क्षमा करा. आता तुम्ही बसा आणि ते पद म्हणा. मी उभा आहे."