बॉनेटच्या पलीकडचा आवाज

"भ्या वाटतंय," असं म्हणून ते दोन्ही तळवे पँटीला पुसायचे आणि मग कामाला लागायचे. गाडीत बसायचं असो, शिडीवर चढायचं असो, नाहीतर देवळातल्या सभेत चार शब्द बोलायचे असोत, आधी हे व्हायचंच. भीती लपवणारी माणसं तुम्ही आम्ही पुष्कळ पाहिलीत. जाहीर करून मोकळा होणारा मी हा एकच पाहिला.

आमच्या बेटावर, कांप दे मास्क गावात, आमच्या शेजारचं घर त्यांचं. राजधानीत, पोर्ट लुईतल्या सरकारी कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. मी लग्न होऊन त्या गावात आले तेव्हापासून त्यांना काकाच म्हणत आले. कुत्र्याची भीती, विजेची भीती, पाण्याची तर फारच. गणपती बोळवायला सगळा गाव समुद्रात कमरेपर्यंत उतरायचा, तेव्हा काका सगळ्यांच्या चपला छातीशी धरून वाळूत उभे. कोणी हसलं तर म्हणायचे, "कुणीतरी सुकं राहायला पायजे का नको?"

अशा माणसानं गाडी घ्यावी हेच नवल. साखर कारखान्याच्या साहेबानं टाकून दिलेली ती काळी, बुटकी इंग्लिश गाडी होती. तिचं एक दार दोरीनं बांधलेलं असायचं. काका ती बैलगाडीच्या चालीनं हाकायचे आणि सारा वेळ मोठ्यानं बोलत राहायचे. "आता वळतोय. समोर सायकल हाय. सायकलवाला बघत नाय." शेजारी बसलेल्या काकी खिडकीतून उसाकडे बघत राहायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, "काका इतकं का बोलतात हो?" काकी म्हणाल्या, "गप्प झाले म्हंजे समज, भ्या हाताबाहेर गेलं."

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मला नववा महिना लागला होता. माझे यजमान पोर्ट लुईत नोकरीला. सकाळी ते बसनं गेले तेव्हा आभाळ नुसतं पिवळट होतं. दुपारी पोलीस ठाण्यावर लाल बावटा चढला आणि बस बंद झाल्या. सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आमच्या बाजूला वळलं होतं. लोक छपरं तारेनं बांधत होते, खिडक्यांवर फळ्या ठोकत होते. त्या ठोकाठोकीतच मला पहिली कळ आली.

माझ्या सासूबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनीच पलंगावरून काकांच्या नावानं हाका मारल्या. काका आणि काकी धावत आले. गावातली सुईण लेकीकडे फिनिक्सला गेलेली, आणि मूल आडवं आहे असं मला आधीच सांगितलेलं. इस्पितळ गाठणं भागच होतं.

"तू पण चल," काका काकींना म्हणाले.

"आणि हिच्या सासूला कुणी बघायचं? तिला उचलून गाडीत घालणार हाय का?"

"वारा वाढला तर तुम्ही दोघीच..."

"तुम्ही जावा," काकी म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आतून लोखंडी आडणा पडल्याचा आवाज मी ऐकला. काका क्षणभर त्या बंद दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी तळवे पुसले.

त्यांनी मला पुढच्या जागेवर बसवलं. स्टार्टरची गुंडी ओढली. इंजिन खर्र खर्र खर्र फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. पाऊस आडवा मारत होता, अंगणातली पपई आधीच मोडून पडली होती.

"आयो! लोतो पा पे देमारे," काका पुटपुटले. घाबरले की त्यांच्या तोंडी क्रिओल, बेटावरची बोली, यायची. गाडी सुरू होत नाही, हे मला दिसतच होतं. मी रडायला लागले.

"रडू नको बाय. मला पण भ्या वाटतंय. पन बघ, इंजिन फिरतंय म्हंजे बॅटरी जित्ती हाय. आता दोनच गोष्टी. पेट्रोल येत नाय, नायतर ठिणगी येत नाय. मी पुढं जातो. मी सांगीन तवा ती गुंडी ओढायची."

त्यांनी पाठीवर गोणपाट घेतलं आणि बॉनेट उघडलं. माझ्यासमोर नुसता काळा पत्रा उभा राहिला. काका दिसेनासे झाले, त्यांचा आवाज तेवढा उरला.

"पेट्रोलची नळी सोडवली. ओढ."

मी ओढली. पेट्रोलचा वास आत आला.

"येतंय! पेट्रोल येतंय. बस, सोड. आता नळी घट्ट करतो, सांडलेलं पुसतो. पेट्रोल आणि ठिणगी, दोघांची गाठ पडली तर आपण दोघं गेलो. वाऱ्यानं वास जाऊ दे."

तेवढ्यात कळ आली. मी दोरीचं दार दोन्ही हातांनी धरलं. कळ ओसरेपर्यंत ते पत्र्यापलीकडून बोलतच होते, काय ते आठवत नाही.

"झालं? आता प्लग काढलाय, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरलाय. ओढ."

मी ओढली. इंजिन खरखरलं.

"ठिणगी नाय. आता कॉइलची तार धरतो. ओढ बाय."

ओढली.

"हाय! इथं हाय! म्हंजे वीज निघते, पन प्लगपर्यंत पोचत नाय. मधल्या मधे..."

आणि आवाज थांबला.

पावसाचा, पत्र्याचा, उसाचा आवाज होता. काकांचा नव्हता. मला वाटलं, ते पडले. मग वाटलं, ते मला टाकून काकींकडे पळाले. त्यात मला नवल वाटलं नसतं. आयुष्यात इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, त्या मुलाला जन्म देतानाही नाही.

"काका!" मी किंचाळले.

ते खिडकीशी आले. चेहरा पांढरा पडलेला, ओठ निळे. हातात एक काळी टोपी होती, तिला तारा लोंबत होत्या. "सगळ्या प्लगांना वीज वाटून देते ती हीच," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला पुढे वाकावं लागलं. "आतून दव धरलंय. वीज ओलीतून भलतीकडं पळते. सुकं कायतरी दे. माझ्या अंगावर सुकं काय नाय."

माझ्याही अंगावर नव्हतं. पायाशी बाळाच्या कपड्यांची पत्र्याची पेटी होती. मी वरचं झबलं काढून दिलं, माझ्या आईनं शिवलेलं. काकांनी ते हातात घेतलं आणि घुटमळले.

"बाळाचं पहिलं हाय ना गो?"

"पुसा, काका!"

त्यांनी गाडीत डोकं घालून, माझ्या मांडीवर वाकून ती टोपी आतून पुसली, कानाकोपऱ्यातून, तान्ह्या मुलाचे कान पुसावेत तशी. झबलं काळं झालं. मग टोपी त्यातच गुंडाळून, सदऱ्याखाली धरून ते पुन्हा पत्र्यामागे गेले.

"प्लग बसवला, टोपी बसवली. ओढ!"

खर्र, खर्र, आणि मग एक खोकला. गाडी एकदा हादरली आणि धडधडायला लागली.

रस्त्याभर ऊस आडवा झाला होता. एकदा आमच्या मागे काहीतरी मोठं कोसळलं. काका बोलत होते. "फांदी हाय. डावीकडनं जातो. काकीचं दार घट्ट हाय. आडणा लोखंडाचा हाय, धरील तो." हे ते मला सांगत नव्हते.

इस्पितळात मुलगा झाला, तेव्हा वादळ डोक्यावर होतं. काका रात्रभर व्हरांड्याच्या आतल्या भिंतीला टेकून बसले होते, असं नर्सनं सांगितलं. मागे परतायला रस्ताच उरला नव्हता.

काकी आणि सासूबाई वाचल्या. आमचं छप्पर उडालं, तेव्हा काकींनी सासूबाईंना गादीसकट ओढत पलंगाखाली नेलं आणि त्यांच्या अंगावर स्वतः आडव्या झाल्या. हे आम्हाला नंतर कळलं. पुढे बरीच वर्षं काका आमच्या शेजारी राहिले, आणि देशाच्या स्वातंत्र्याआधीच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले. त्यांच्या अंगणात आता दुसऱ्यांचा ट्रॅक्टर उभा असतो.

मला मात्र ते दिसतात त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, इस्पितळाच्या खिडकीतून. वारा पडला होता. गाडीवर झाड आडवं झालं होतं, म्हणून ते पायीच निघाले होते. घरी कोण जिवंत आहे, हे त्या घडीला त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. बूट हातात, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. रस्ता पाण्याखाली गेला होता. ते काठावर थांबले, आणि मग उतरले. पाणी कमरेला लागलं तरी ते चालतच होते.