दबलेलं काडतूस

आमच्या शेजारी उंब्रजच्या एका बँकेतला गार्ड राहतो. माझ्यासारखाच फौजेतून परतलेला. चपलांचे दोन जोड आलटून पालटून घालतो, टोपलीतले जुने कांदे रोज वर आणून ठेवतो आणि कुणी विचारलंच तर म्हणतो, "पाळी सगळ्यास्नी पायजे, गड्या." ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आबा, म्हणजे माझे वडील, बिबट्याच्या भीतीनं परवान्याचं पिस्तूल रोज सकाळी भरून उसात जातात आणि संध्याकाळी रिकामं करतात. खंडेनवमीला पूजेआधी ते साफ करायला त्यांनी ह्या गार्डलाच बोलावलं. मी घरातच होतो.

त्यानं नळी भिंतीकडे धरून मॅगझिन काढलं, नळीतलं काडतूस काढलं आणि आत बोट घालून खात्री केली. त्याच्या हाताला खोट काढायची सोय नाही. मग सगळी काडतुसं पाटावर उभी करून त्यानं डोळा पाटाशी नेला. एक जरा बुटकं दिसत होतं.

"आवं आबा, रोज ह्येच काडतूस चढवताय. दर बारीला ठोकरा खाऊन गोळी पितळी नळकांड्यात आत दबलीया. उडवलं तर आतला दाब वाढून पिस्तूल फुटंल. ह्ये बाजूला काढा, आन् बाकीच्यांची पाळी बदलत ऱ्हावा."

गेल्या खंडेनवमीला मी नेमकं हेच सांगितलं होतं. तेव्हा आबा गरजले होते, "मला शिकवतूस व्हय रं?"

यंदा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "व्हय रं लेकरा, माज्या ध्यानातच आलं न्हाई."

मग माझ्याकडे वळले. "नुसता बघतूस काय? शीक जरा त्याच्याकडनं."