बरणी जेवली का?

स्वयंपाकघरात शिरण्याआधी मामा खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, सुटे पैसे, चष्म्याचं घर, बसचं तिकीट, सगळं दाराशी ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत. मग दोन्ही हातांनी शर्टाच्या आणि पँटच्या खिशांवर थापट्या मारायच्या आणि मगच आत पाऊल. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे आत जाताना आगकाडी नको, लोखंड नको, रोज झडती. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, झडती सुटली नाही. "स्फोटकं काय आणि आंबलेलं पीठ काय," ते म्हणायचे, "दोन्ही जिवंत माल. आत जाताना माणसानं मोकळं जावं."

मी कॉलेजसाठी त्यांच्या घरी राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी पाणी प्यायला तसाच आत घुसलो. पेपरमधून डोकं वर न काढता मामा म्हणाले, "भाचेबुवा, खिसे." मला वाटलं, खोलीचं भाडं मागतायत. मामी ओट्याशी हसू दाबत उभी होती. "कर बाबा रिकामे. नाहीतर आज तुला पाव मिळायचा नाही, आणि मला बोलणी बसतील."

पाव मामीचा. तिचे वडील छावणीतल्या एका बेकरीत भट्टीवर होते. लग्नात तिनं माहेरून चिनी मातीची एक बरणी आणली होती, तिच्यात आंबट वासाचं पातळ पीठ. बेकरीतले लोक त्याला खमीर म्हणत. मामी विरजणच म्हणायची. त्याला रोज खाऊ घालावं लागे. सकाळी अर्धं काढून टाकायचं, दोन चमचे पीठ आणि तेवढंच पाणी घालायचं, झाकण सैल ठेवायचं. रविवारी त्याचाच पाव, अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये भाजलेला. मटणाच्या रश्श्यात बुडवला तरी त्याच्या कडा मऊ पडत नसत. कृती एका शाळकरी वहीत मामीच्या अक्षरात होती. 'मूठभर', 'अंदाजानं', 'हाताला लागेल तेवढं' असलं माप मामांना सोसायचं नाही. त्यांनी प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं ग्रॅम लिहून ठेवले होते. एके ठिकाणी लिहिलंय: 'मूठ – ६२ ग्रॅम (हिची).'

मामी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. मामा उठले, सगळ्यांदेखत ताटलीत खिसे रिकामे केले आणि आत जाऊन बरणीला खाऊ घातलं. कोणीतरी कुजबुजलं, "आज तरी राहू द्यायचं." मामांनी ऐकलं. "का? तुम्ही नाश्ता केलात ना?" एवढंच म्हणाले. नंतर मला बाजूला घेऊन झाकण उघडून दाखवलं. "हिचा हात आहे यात. रोज अर्धं टाकलं तरी अर्धं उरतं. म्हणजे कधीच संपत नाही. हिशेब पटतो का?" मी मान डोलावली. त्यानंतर दर रविवारी मामा स्वतः पाव करायचे, वहीत बघून, तराजू लावून.

आता ते सांगतो, जे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मामा घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मूलबाळ नव्हतं, जवळचा मीच. ऑपरेशनला नेण्याआधी त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. बरणी कात्रजला माझ्या घरी न्यायला सांगितलं. "रोज सकाळी. दोन चमचे. लग्न असो, मयत असो." पहिले चार दिवस मी नेमानं घातलं. पाचव्या दिवशी घातलं नाही. विसरलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. बरणी समोरच होती. ऑफिस, हॉस्पिटल, गाडी चालवून मोडलेली पाठ, आणि वर हे पीठ! चमचाभर आंबट चिकट्यासाठी एवढं काय, असा राग आला होता मला. राग मामांवरचा होता, काढला बरणीवर. आठवड्यानं झाकण उघडलं तर वर गुलाबी रेघा, वास असह्य. मी ते मोरीत ओतलं. साबण लावून गरम पाण्यानं बरणी घासली. अर्धंही उरू दिलं नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बरणी जेवली का?"

"जेवली."

"बुडबुडे?"

"भरपूर."

रोज. ते हाताला सलाइन लावलेले, आणि मी असा.

ते घरी यायच्या आधी मी दुकानातून यीस्टची पुडी आणली, पीठ आणि चमचाभर दही घेतलं, आणि त्याच बरणीत नवं विरजण लावलं. बुडबुडे आले. मामांनी झाकण उघडलं, वास घेतला. पुन्हा घेतला. मी खिडकीबाहेर बघत होतो. "कात्रजची हवा मानवलेली दिसते," ते म्हणाले आणि झाकण लावलं.

सुटलो असं वाटलं. पुढच्या रविवारी गेलो तर ते काठी टेकत उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. आतून किल्ल्यांचा आवाज आला. दाराशी ताटली रिकामी होती. त्यानंतर मामांनी कधीच खिसे रिकामे केले नाहीत. पाव करत राहिले, बरणीला रोज दोन चमचे घालत राहिले, मला खाऊ घालत राहिले. फक्त पीठ मळताना खिशातल्या किल्ल्या वाजायच्या. त्या आवाजाखाली बसून मी पाव खाल्लाय.

शेवटच्या दिवसांत त्यांनी बरणी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. तुझीच आहे."

"मामा, मला जरा सांगायचं होतं..."

"दोन चमचे," त्यांनी मध्येच तोडलं. "बाकी मला सगळं पाठ आहे."

मामा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांबरोबर मीही पंचशील म्हणत होतो. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बसला. लोकांना वाटलं, भाच्याला रडू आवरत नाही. एका मावशींनी पाठीवरून हात फिरवला. तो मी फिरवू दिला.

आता दर रविवारी मी पाव करतो. वही तीच, ६२ ग्रॅम तेच. पाव चांगला होतो, हेच वाईट आहे. नातेवाईक म्हणतात, अगदी मामींच्या हातचा. आत जाताना मी खिसे ताटलीत रिकामे करतो. बायको म्हणते, "अहो, एवढं काय दडवलंय खिशात?" मी हसतो. आज हे लिहून झालं की कागद तिच्याच हातात देणार आहे.

सकाळी दोन चमचे घालतो, तेवढंच पाणी, झाकण सैल. संध्याकाळी हॉस्पिटलच्या भेटीची वेळ होते आणि मागून विचारल्यासारखं वाटतं. मी बरणीकडे बघतो आणि म्हणतो, "जेवली." आता ते खरं असतं. आवाज मात्र तेव्हाचाच निघतो.